मधला नळ कोणाचा?

सरकारी नोकरीत बदलीचा हुकूम आला की आमच्या घरी दोन चौकश्या प्रथम होत. मुलांची शाळा कोणती आणि पाणी किती वाजता येते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणीही देई. दुसऱ्याचे उत्तर मात्र प्रत्येक माणूस वेगळे देई, आणि ते सारे खरे असे. कारण एकाच गावात, एकाच रस्त्यावर, पाण्याची वेळ आणि जोर घरागणिक बदलत असतो. महाराष्ट्राबाहेर नोकरी केलेल्या, भाड्याच्या जुन्या घरांतून संसार हलवलेल्या वाचकांना हे निराळे सांगावयास नको.

उत्तर भारतातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी आम्हांस मिळालेले घर असेच जुने होते. जाड भिंती, उंच छत, अंगणात हौद. पहाटे तासभर पाणी येई आणि पहिली काही मिनिटे ते फिक्या चहाच्या रंगाचे असे. मी घरातील सारे नळ बदलून घ्यावयाचे ठरवले. काढलेले जुने तुकडे अंगणात पडले होते. त्यांतील एक उचलून मी उजेडाकडे धरला. अर्ध्या इंची नळात गंजाच्या गाठी इतक्या वाढल्या होत्या की त्यातून पेन्सिलही सरकली नसती. नवे नळ बसले, भिंतींना गिलावा झाला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी पुन्हा त्याच रंगाचे आले. मी वयस्क मिस्त्रीला बोलावून विचारले. तो म्हणाला, ‘‘साहब, घर का पाइप आपका, सडक का पाइप नगरपालिका का, और बीच का पाइप भगवान का.’’

रस्त्याखालील मुख्य वाहिनीपासून घराच्या भिंतीपर्यंतचा तो दोन-तीन मीटरांचा तुकडा गटाराखालून गेला होता आणि कोणीच बदलला नव्हता. हे वाक्य मी पुष्कळ वर्षे विनोद म्हणून सांगत असे. पुढे नागरी प्रशासनाशी संबंध आल्यावर ध्यानात आले की आपल्या देशातील शहरी पाणीपुरवठ्याचा दीडशे वर्षांचा इतिहास त्या मधल्या तुकड्याशी येऊन अडतो. हा इतिहास मला जसा समजला तसा येथे मांडतो.

प्रथम दाबाविषयी. नळाचे पाणी शुद्ध राहते ते केवळ गाळण्याने किंवा क्लोरिनने नव्हे. नळात सतत दाब असल्याने राहते. नळ कितीही चांगला असला तरी त्याचे सांधे कोठेतरी झिरपतात. आत दाब असेल तर पाणी बाहेर जाते, बाहेरचे काही आत येत नाही. दाब संपला की उलटे होते. ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच प्रत्यक्षात उतरली होती. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम शहरात टॉमस हॉक्सली या तरुण अभियंत्याने १८३१ मध्ये अहोरात्र दाबाखाली पाणी देणारी योजना चालू करून दाखवली. त्याच्या अगोदर इंग्लंडातही ठरावीक वेळी पाणी सोडणे आणि लोकांनी ते साठवणे हीच रीत होती. लंडनमधील पाणी कंपन्यांना अखंड पुरवठ्याकडे वळवण्यासाठी १८७१ मध्ये कायदा करावा लागला आणि तो सर्वत्र अमलात यावयास शतकाची अखेर उजाडली. तेव्हा ‘वेळेचे पाणी’ ही काही भारतीय स्वभावाची देणगी नव्हे. तो प्रत्येक शहराच्या इतिहासातील एक टप्पा आहे. आपण त्या टप्प्यावर फार काळ थांबलो, इतकेच.

भारतात या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण मला कलकत्त्याचे वाटते. १८२० च्या सुमारास चांदपाल घाटावर एक लहानसा पंप बसवून नदीचे पाणी उघड्या पक्क्या पाटांतून काही रस्त्यांवर खेळवले जाई. बाकी शहर लालदिघीसारख्या तलावांवर, विहिरींवर आणि भिश्त्यांवर जगत होते. मुंबईत विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये आले. कलकत्त्याला डोंगरही नव्हता आणि तलावासाठी उंच जागाही नव्हती. म्हणून शहराच्या उत्तरेस सुमारे वीस-बावीस किलोमीटरवर पलता येथे हुगळीचे पाणी उपसून, गाळून, ४२ इंची बिडाच्या वाहिनीने शहरात आणण्याची योजना विल्यम क्लार्क या अभियंत्याने आखली. १८७० पर्यंत ती चालू झाली. दररोज साठ लाख गॅलन, म्हणजे त्या काळच्या वस्तीला माणशी सुमारे पंधरा गॅलन पाणी मिळू लागले. सनातनी मंडळींनी नळाच्या पाण्याच्या सोवळ्याओवळ्यावरून आक्षेप घेतले, पण पटकीच्या भीतीपुढे ते फार टिकले नाहीत. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख पटकीच्या जंतूचा शोध घेत कलकत्त्यात आला, तेव्हा नळाचे पाणी आल्यापासून शहरातील पटकीचे मृत्यू घटल्याची नोंद त्याने घेतली, आणि शहराबाहेरील वस्तीच्या एका तलावात त्याला तो जंतू सापडलाही.

परंतु सपाट शहरात पंपाने ढकललेल्या पाण्याचा जोर टिकत नाही. पहाटे सारे शहर एकाच वेळी तोट्या उघडते तेव्हा दाब पडतो. वरच्या मजल्यांना पाणी चढत नाही. शहर वाढले, १८८८ मध्ये उपनगरांचा मोठा भाग पालिकेत आला आणि ही ओढाताण वाढली. यावरचा उपाय म्हणून मुख्य अभियंता मॅककेब यांच्या काळात टाला येथे प्रचंड उंच टाकी उभारण्याचे ठरले. १९०९ मध्ये पायाभरणी झाली आणि १९११ मध्ये टाकी चालू झाली. जमिनीपासून ११० फूट उंच, सुमारे ३२१ फूट लांब व तितकीच रुंद, नव्वद लाख गॅलनांची ही पोलादी टाकी चार कप्प्यांची आहे, जेणेकरून एक कप्पा रिकामा करून धुता-दुरुस्त करता यावा आणि शहराचा पुरवठा थांबू नये. १९३४ चा भूकंप तिने सोसला. अलीकडे, शंभरी उलटल्यावर, तिची मोठी दुरुस्ती झाली ती याच कप्प्यांच्या आधारे, एकेक कप्पा रिकामा करून. ज्या अभियंत्यांनी आपल्या बांधकामाच्या म्हातारपणाची सोय त्याच्या जन्मापूर्वीच करून ठेवली, त्यांच्याविषयी मला आदर वाटतो.

टाकीची उंची हाच दाब. दहा मीटर उंचीचे पाणी म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो. ११० फूट म्हणजे साडेतेहतीस मीटर. तळाशी सव्वातीन किलोंहून थोडा अधिक दाब. हा दाब घरापर्यंत पोहोचेपर्यंत वाटेतील घर्षणात खर्च होत जातो. आपल्या केंद्रीय संस्थेच्या १९९९ च्या पाणीपुरवठा नियमपुस्तिकेत घराच्या जोडणीपाशी एकमजली घरासाठी ७ मीटर, दुमजलीसाठी १२ आणि तिमजलीसाठी १७ मीटर दाब उरावा, आणि सामान्यतः तो २२ मीटरांच्या वर जाऊ नये, असे सांगितले होते. दाब कमी असणे वाईट, तसा गरजेपेक्षा जास्त असणेही वाईट, ही दुसरी बाजू आपल्या चर्चेत क्वचितच येते.

आता नळाविषयी. बिडाचा नळ शंभर वर्षेही टिकतो. शिसे ओतून केलेले त्याचे सांधे मात्र जमीन खचली, वरून ट्रक गेले, की ढिले होतात. आतून गंजाच्या गाठी वाढतात आणि वाट अरुंद होते. हे अरुंद होणे दिसते त्यापेक्षा फार महाग पडते: त्याच दाबाला नळाचा आतील व्यास निम्मा झाला तर पाणी निम्मे येत नाही, साधारण सहावा हिस्सा येते. घरातील जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी नळाचे आयुष्य तर याहून पुष्कळच कमी. मुलामा झिजला की गंज सुरू होतो. ‘पाणी कमी येते’ या तक्रारीमागे नदी आटलेली नसते, पंप बिघडलेला नसतो. पुष्कळदा नळ आतून भरलेला असतो. पण कमी पाण्याची तक्रार आली की आम्ही प्रशासक नवा पंप, नवी टाकी, नवे धरण यांचे अंदाजपत्रक करतो. त्यांचे भूमिपूजन करता येते. गटाराखालच्या दोन मीटर नळाचे भूमिपूजन कोण करणार?

पाण्याची वेळ ठरली की घरेही बदलतात. लोक जमिनीत हौद बांधतात, गच्चीवर टाकी ठेवतात, आणि शेवटी नळालाच मोटार लावतात. प्रत्येकाला आपले वागणे रास्त वाटते आणि एकेकट्याने पाहिले तर ते रास्त असतेही. पण मोटार नळातील पाणी ओढते तेव्हा शेजाऱ्याचा दाब शून्याखाली जातो आणि नळ ज्या चिखलातून गेला असेल तो चिखल आत खेचला जातो. चावीवाला एका भागाची झडप बंद करून दुसऱ्या भागाची उघडतो तेव्हाही हेच होते: रिकाम्या होणाऱ्या नळात पोकळी, भरणाऱ्या नळात हवा आणि धक्का. दिवसातून एकदा-दोनदा होणाऱ्या या भरण्या-रिकामे होण्यानेच सांधे लवकर निकामी होतात. पाणी वाचवण्यासाठी केलेली वेळेची पद्धत अशी नळांचे आयुष्यही खाते.

मग मधल्या तुकड्याकडे कोणी का पाहत नाही? याचे उत्तर कायद्यात आहे. आपल्याकडील बहुतेक नगरपालिका कायद्यांत व उपविधींत मुख्य वाहिनी पालिकेची, आणि तिच्यावर बसवलेल्या फेरूलपासून पुढची घरजोडणी घरमालकाच्या खर्चाने टाकावयाची व राखावयाची असे ठरले आहे. पण ती जोडणी ज्या जमिनीखालून जाते ती जमीन सार्वजनिक. रस्ता फोडावयाचा तर परवानगी, शुल्क आणि पुन्हा डांबरीकरण. त्यातून घर भाड्याचे असेल तर गुंता वाढतो. १९४७ चा मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा, पश्चिम बंगालचा १९५६ चा भाडेकरू कायदा, आणि त्यांच्या जागी पुढे आलेले कायदे यांनी भाडेकरूला डोक्यावर छप्पर दिले, यात शंका नाही. परंतु वीस-पंचवीस रुपये भाडे घेणारा मालक नळ बदलीत नाही, आणि ज्याचे घर नाही तो भाडेकरूही बदलीत नाही. मुंबईत जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा करून मंडळ नेमावे लागले ते याच पेचामुळे. इमारत पडते तेव्हा बातमी होते. नळ सडतो तेव्हा होत नाही.

येथे मला माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. एका मध्यम गावाच्या पालिकेवर काही काळ मी प्रशासक होतो. नव्या पाणी योजनेचे अंदाजपत्रक माझ्यासमोर आले. त्यात नवी उंच टाकी, नवे पंप, नवी मुख्य वाहिनी होती आणि शेवटी जुन्या वस्तीतील घरजोडण्या बदलण्याची एक रक्कम होती. लेखा विभागाने शेरा मारला की घरजोडणी ही खासगी मालमत्ता असल्याने तिच्यावर सार्वजनिक निधी खर्च करता येणार नाही. शेरा नियमाला धरून होता. मी ती रक्कम वगळली आणि सही केली. टाकी झाली, उद्‌घाटन झाले, दाब वाढला. पहिल्या आठवड्यात लोकांनी हार घातले. दुसऱ्या आठवड्यापासून जुन्या वस्तीत जागोजागी रस्त्यांवर पाणी येऊ लागले, कारण ज्या जीर्ण जोडण्या कमी दाबावर कशाबशा तग धरून होत्या त्या वाढलेल्या दाबावर फुटल्या. पाणी वाया जाते म्हणून मी पुरवठ्याची वेळ आणखी कमी केली. म्हणजे फुटक्या नळांतून रोज थोडा वेळ जोराचे पाणी, आणि उरलेला सारा दिवस रिकामे नळ गटारात.

त्या पावसाळ्यात सखल भागातील एका गल्लीत काविळीची साथ आली. एक गरोदर बाई त्यात दगावली. पाण्यातून पसरणाऱ्या काविळीचा हा प्रकार, ज्याला आता हेपॅटायटिस ई म्हणतात, गरोदर स्त्रियांना विशेष घातक असतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. दिल्लीत १९५५-५६ मध्ये नजफगड नाल्याचे पाणी उपसा केंद्राकडे शिरून सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली होती. त्या साथीने सबंध देशाला हा धडा दिला होता, आणि तो कोणत्याही जिल्हा ग्रंथालयात वाचता आला असता. आम्ही गल्ली खणली तेव्हा गटाराच्या तळातून गेलेले, हाताने दाबले तरी मोडणारे नळ निघाले. त्या मृत्यूला एकटा माझा शेरा कारण होता असे मी म्हणत नाही. ते नळ माझ्या आधी कित्येक वर्षे सडत होते. पण वगळलेल्या रकमेत तेच नळ होते आणि सही माझी होती. पुढे तीच कामे आम्ही ‘सार्वजनिक आरोग्यासाठी तातडीचा खर्च’ या शीर्षाखाली केली. तेव्हा कोणी आक्षेप घेतला नाही. म्हणजे मार्ग अगोदरही होता. तो शोधण्याचे कष्ट मी घेतले नव्हते.

ज्या एका प्रयोगाने हा प्रश्न नीट धरला तो आपल्या शेजारचाच आहे. २००४ मध्ये मंजूर झालेल्या, जागतिक बँकेच्या कर्जावरील कर्नाटकातील प्रकल्पात हुबळी-धारवाड, बेळगाव आणि गुलबर्गा या शहरांतील काही निवडक भाग घेऊन २००८ पासून तेथे चोवीस तास पाणी देण्यात आले. त्या भागांतील मुख्य वाहिन्यांबरोबर घरजोडण्याही मीटरपर्यंत नव्या टाकल्या गेल्या. मधला नळ कोणाचा हा वाद न घालता तो प्रकल्पानेच बदलला. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी हुबळी-धारवाडमध्ये तुलना केली, तेव्हा वेळेच्या पाण्याच्या भागात नळाच्या ३१.७ टक्के नमुन्यांत विष्ठेतून येणारा ई-कोलाय जंतू मिळाला. अखंड पाण्याच्या भागात ०.७ टक्के नमुन्यांत. त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे की लहान मुलांच्या अतिसाराच्या एकूण प्रमाणात दोन भागांत स्पष्ट फरक आढळला नाही, विषमज्वर मात्र कमी आढळला. नळ हे आरोग्याचे एकच दार आहे. इतर दारे उघडी असतात. ओडिशातील पुरी शहराने २०२१ मध्ये सबंध शहरासाठी नळाचे पाणी थेट पिता येईल असे अहोरात्र देण्यास आरंभ केला. म्हणजे हे केवळ निवडक वस्त्यांपुरते होते असेही आता म्हणता येत नाही.

या इतिहासातून कामाचा एक क्रम हाती येतो. आधी घरजोडण्या, मग वाटप वाहिन्या, मग दाब, आणि सर्वांत शेवटी नवी टाकी व नवे धरण. आपण बहुधा उलट्या टोकाने सुरुवात करतो. दाब वाढवण्यापूर्वी लहान-लहान भाग वेगळे करून प्रत्येकाच्या तोंडाशी मीटर आणि दाब कमी करणारी झडप बसवावी, रात्री दोन-तीन वाजता किती पाणी वाहते ते मोजावे. त्या वेळी लोक झोपलेले असतात. जे वाहते त्यातील बरेचसे गळतीचे असते.

जुन्या घरात राहणाऱ्या वाचकांसाठीही थोडे. घरातील नळ बदलावयाचे असतील तर प्रथम फेरूलपासून भिंतीपर्यंतचा तुकडा बदलून घ्यावा; तो गटाराच्या वरून किंवा आवरणनळातून न्यावा. साधा दाबमापक आणून तोटीवर लावून पाहावा, तो फार महाग नसतो. दाब कमी असेल तर नळाला मोटार लावू नये. हौदात पाणी पडू द्यावे आणि हौदातून वर चढवावे. उंच इमारतीत खालच्या मजल्यांवर दाब फार असेल तर नळ नवे असले तरी तोट्या आणि सांधे गळतात. तेथे दाब कमी करणारी झडप हवी. अमेरिकेतील वाचकांच्या घरांत ८० पौंडांवर दाब गेल्यास अशी झडप तेथील नियमांनीच सक्तीची आहे. जुन्या घरात ती निकामी झालेली असू शकते, ती तपासावी. प्लास्टिकचे नळ घेताना शिसेविरहित असल्याची खूण पाहावी. भारतात यासंबंधीचे नियम २०२१ मध्ये निघाले. आणि जेथे पाणी वेळेवर येते तेथे पहिल्या काही मिनिटांचे पाणी पिण्यास भरू नये. ते धुण्याला वापरावे.

त्या जुन्या घरातील मधला नळ अखेर बदलला गेला. रस्ता फोडण्याच्या परवानगीसाठी मी रीतसर अर्ज केला आणि जिल्ह्यात अधिकारी असूनही मला त्यासाठी दोन महिने लागले. ज्याच्याकडे पद नाही, त्याला किती लागत असतील याचा विचार मी तेव्हा केला नाही. काम मिस्त्रीनेच केले. काढलेला तुकडा त्याने माझ्या हातात दिला. पुढे पालिकेवर गेल्यावर तो मी टेबलावर ठेवू लागलो, पण तेव्हा त्या योजनेवर माझी सही होऊन गेली होती.